भान सुटलेल्या माणसाजवळ थांबताना

ज्या घरातल्या मुलाला वारंवार अनावर उद्रेक होतात, त्या घराला सल्ल्यांची कमी कधी पडत नाही. शेवगावच्या बसस्थानकावर सहा-सात वर्षांचं पोर अंग टाकून देतं, डोकं फरशीवर आपटतं, आईच्या मनगटाला चावतं आणि बघता बघता भोवती माणसांचं कडं उभं राहतं. ‘दोन ठेवून द्या, गप बसंल.’ ‘लाडानं बिघडलंय.’ ‘मोबाईल देत असतील सारखा.’ ‘बाहेरचं दिसतंय, मढीला कानिफनाथांकडं नेऊन आणा.’ आई एका हातानं पोर सावरते, दुसऱ्या हातानं पदर सावरते आणि शेवटी लोकांच्या नजरेपायी खरंच दोन फटके देते. पोर जास्तच बिथरतं. आपण सगळे दहा पावलं मागं सरलो तर यातलं निम्मं आपोआप थांबेल, हे त्या कड्यातल्या कुणाच्या मनात येत नाही.

हा लेख त्या आईसाठी आहे, आणि तितकाच त्या कड्यात उभ्या राहणाऱ्यांसाठी.

अशा प्रसंगाला हल्ली डॉक्टर आणि समुपदेशक ‘मेल्टडाऊन’ म्हणतात. आवाज, गर्दी, उजेड, भूक, दुखणं, भीती, अचानक झालेला बदल असं एकावर एक साचत जातं आणि मेंदूला ते पेलेनासं होतं. धोका ओळखणारा मेंदूचा भाग सगळा ताबा घेतो; विचार करणारा, शब्द शोधणारा, स्वतःला आवर घालणारा भाग तेवढ्यापुरता मागं पडतो. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातापायांत नको इतकी ताकद येते. माणूस ओरडतो, वस्तू फेकतो, स्वतःला मारून घेतो किंवा पळत सुटतो. काही जणांचं उलट होतं. ते एकदम मिटतात, बोलणं बंद करतात, कोपऱ्यात किंवा खाटेखाली जाऊन बसतात. आवाज होत नाही म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण त्रास तितकाच असतो.

उन्हाळ्यात सगळ्यांच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो आणि फ्यूज उडतो. अशा वेळी कुणी डीपीला काठीनं बडवत नाही. मोटारी बंद करतात, जरा थांबतात, फ्यूज टाकतात आणि मग एकेक मोटार चालू करतात. भान सुटलेल्या माणसाजवळ जे करायचं असतं ते एवढंच आहे: लोड कमी करायचा आणि थांबायचं. समजावणं, शिस्त लावणं, चूक दाखवणं, माफी मागायला लावणं ही सगळी कामं नंतरची आहेत. त्या क्षणी ऐकणारा मेंदू जागेवर नसतो.

हट्ट आणि उद्रेक यांतला फरक घरच्यांना एकदा कळला की अर्धं काम होतं. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं. दुकानातली कुरकुऱ्यांची पुडी मिळाली की रडणं थांबतं. आई निघून गेली की तेही रडत मागं येतं. आपण पडलो तर लागेल याची काळजी त्याला असते आणि रडता रडता ते मोठ्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघत असतं. उद्रेकात यातलं काही नसतं. पुडी दिली तरी तो थांबत नाही. समोर कुणी असो वा नसो, तो चालूच राहतो. कपाळ फुटलं तरी मुलाला भान नसतं. हेही लक्षात ठेवा की हट्टानं सुरू झालेली गोष्ट वाढत जाऊन खऱ्या उद्रेकात बदलू शकते. फरक ओळखता येत नसेल तर उद्रेकच समजा. हट्टी मुलाशी शांतपणे वागल्यानं त्याचं काही बिघडत नाही. उद्रेकातल्या मुलाला मारल्यानं मात्र बिघडतं.

हे कुणाला होतं? स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांत आणि मोठ्यांत हे बरंच आढळतं. त्यांचे कान, डोळे आणि त्वचा आपल्यापेक्षा वेगळ्या तीव्रतेनं काम करतात. आपल्याला ऐकूही न येणारी ट्यूबलाइटची गुणगुण त्यांना सहन होत नाही, शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी दिवसभर टोचत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न असतो. शेवगाव तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अडीच लाखांच्या जवळपास होती. नुसता ढोबळ भागाकार केला तरी आपल्या एका तालुक्यात अशी दोन हजारांच्या आसपास माणसं असायला हवीत. त्यांतल्या फार थोड्यांच्या घरी ‘ऑटिझम’ हा शब्द पोचला असेल. बाकीची ‘येडं’, ‘हेकट’, ‘तापट डोक्याचा’ म्हणूनच ओळखली जातात. याशिवाय अतिचंचलता असलेली मुलं, बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं, अपघात, अत्याचार किंवा जवळच्याचा अकाली मृत्यू मनावर कोरला गेलेली माणसं, यांनाही उद्रेक होतात. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना दिवस मावळतीला बेचैनी येते. राहत्या घरात बसून ‘मला घरी जाऊ द्या’ म्हणत आजी दार वाजवायला लागते. ‘आजी, हेच तुझं घर’ असं दहा वेळा पटवण्यापेक्षा ‘चहा घेऊ अन् मग जाऊ’ म्हणून तिच्याजवळ बसलं तर ती लवकर निवते. आणि निदान वगैरे काही नसलेला धडधाकट माणूससुद्धा महिनोन्‌महिने झोप नसेल, देणं डोक्यावर असेल, कपाशी पावसात भिजून गेली असेल, तर एखाद्या दिवशी क्षुल्लक कारणावरून कोसळतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण भान सुटण्याच्या सबबीचा गैरफायदा घेतला जातो. बायकोला मारणारा नवरा ‘माझं भान सुटतं’ म्हणतो. त्याचं भान मुकादमासमोर सुटतं का? सोसायटीच्या सचिवासमोर, पोलिसासमोर सुटतं का? तिथं तो हात बांधून उभा राहत असेल आणि घरी येऊन नेमकं बायकोवरच हात टाकत असेल, तर तो उद्रेक नाही, ती मारहाण आहे. उद्रेक माणूस बघून होत नाही. अशा घरातल्या बाईनं समजूतदारपणाचा हा लेख स्वतःला लागू करू नये. तिनं १८१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

त्या घटकेला

पहिलं काम जिवाच्या सुरक्षिततेचं. विळा, सुरी, पेटता गॅस, उकळतं पाणी, काचेचं सामान बाजूला करा. रस्त्याकडे, विहिरीकडे, शेततळ्याकडे जाणारी वाट अडवून उभे राहा. डोकं आपटत असेल तर डोक्याखाली गोधडीची घडी किंवा आपला हात सरकवा. माणसाला धरून ठेवणं हा शेवटचा उपाय. जीव धोक्यात असेल तरच आणि तेवढ्याच वेळापुरतं धरायचं. पालथं पाडून पाठीवर किंवा छातीवर बसायचं नाही. त्यात श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. पाठीमागून अचानक स्पर्श करू नका.

मग एकेक गोष्ट कमी करा. टीव्ही, मिक्सर, मोबाईलचा आवाज बंद. डोळ्यांवर येणारा दिवा बंद. माणसं बाहेर. हे शेवटचं सर्वांत अवघड असतं, कारण आपल्याकडे आरडाओरडा ऐकला की शेजारी धावून येतात आणि त्यामागं माया असते. शेजाऱ्यांना सांगायचं काम घरातल्या एकानं घ्यावं: ‘काका, तुम्ही ओट्यावर बसा, लागलं तर हाक मारतो.’ उद्रेकातल्या माणसाजवळ एकच माणूस राहू द्या, ज्याच्यावर त्याचा सर्वांत जास्त भरवसा आहे तो. बोलायचं त्यानंच. बाकीच्यांनी गप्प राहायचं, अगदी मदतीचं वाक्यसुद्धा बोलायचं नाही.

त्या एकानंही फार बोलू नये. ‘काय झालं? कुणी काही म्हटलं का? का असं करतोस?’ या प्रत्येक प्रश्नाला उत्तर शोधावं लागतं, आणि तेच तर त्याला शक्य नसतं. ‘शांत हो, शांत हो’ असं दहा वेळा म्हटलं की तोही एक आवाजच होतो. ‘मी इथंच आहे’, हे तीन शब्द पुरेत. मध्ये बराच वेळ जाऊ द्या, मग वाटलं तर पुन्हा म्हणा. समोर छाती काढून उभं राहू नका. बाजूला, थोडं अंतर ठेवून, खाली बसा. डोळ्यांत डोळे घालून बघायला लावू नका. आपला स्वतःचा श्वास सावकाश सोडा. सोबतच्या माणसाचा श्वास, आवाजाची पट्टी, हातांची हालचाल हे सगळं समोरच्याला शब्दांशिवाय पोचत असतं. आपणच चिडलो असू तर जागा दुसऱ्याला देऊन दोन मिनिटं बाहेर जाणं केव्हाही चांगलं.

काही मुलांना आणि मोठ्यांनाही अंगावर जड दाब आला की बरं वाटतं. शहरात यासाठी वजनदार ब्लँकेट विकत मिळतात. आपल्या घरात आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ असते, ती हेच काम करते. पण ती जवळ ठेवा, त्याला हवी असेल तर तो ओढून घेईल. जबरदस्तीनं पांघरू नका आणि तोंडावर कधीच नको. काहींना स्पर्शच नको असतो, त्यांना अंतर द्या. कुणाला काय लागू पडतं हे त्या माणसाच्या बऱ्या दिवशी बघून ठेवायचं असतं.

उद्रेक किती वेळ चालतो याला नेम नाही. कधी दहा-पंधरा मिनिटं, कधी तासाहून जास्त. घाई करून तो संपत नाही.

एक घोळ मात्र होऊ देऊ नका. फिट किंवा आकडी येणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात माणूस शुद्ध हरपतो, हाकेला काहीच प्रतिसाद देत नाही, हातपाय ताठ होऊन एका लयीत झटके येतात, तोंडाला फेस येतो. अशा माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. उद्रेकात डोक्याला मार लागून उलटी किंवा गुंगी आली तरीही सरळ रुग्णालय गाठा.

नंतर आणि आधी

उद्रेक ओसरल्यावर माणूस पार गळून जातो. झोप येते, डोकं दुखतं, आणि मोठ्यांना, समजत्या मुलांना तर शरमेनं मान वर करवत नाही. हीच वेळ साधून आपण बोलायला लागतो: ‘बघितलंस, सगळी आळी गोळा केलीस.’ एवढं टाळा. पाणी द्या, नेहमीचं आवडतं साधं खाणं द्या, झोपू द्या. आल्यागेल्या पाहुण्यांना त्याच्यासमोर तो किस्सा सांगू नका. बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, शांतपणे, एखादं काम करता करता बोला. शेंगा फोडताना, जनावरांना चारा टाकताना जे बोलणं होतं ते समोरासमोर बसवून होत नाही. त्यात काय चुकलं हे विचारण्यापेक्षा ‘तुला आधी कशाचा त्रास व्हायला लागला?’ हे विचारा. फोडलेली वस्तू मिळून गोळा करता येते, पाहुण्याला लागलं असेल तर नंतर चौकशी करता येते. जबाबदारी शिकवायला माझी ना नाही. फक्त ती डोकं थाऱ्यावर आल्यावर शिकवा.

खरा उपयोग होतो तो आधीच्या तयारीचा. एक साधी वही करा. तारीख, वेळ, उद्रेकाआधीच्या दोन-तीन तासांत काय काय झालं, रात्री झोप किती झाली, खाल्लं कधी, शौचाला साफ झालं का, कुठं दुखत होतं का, आणि नंतर काय केल्यावर बरं वाटलं. महिना-दीड महिना नेमानं लिहिलंत तर त्यात तुम्हाला काहीतरी ठरावीक दिसू लागेल. ज्या मुलांना सांगता येत नाही त्यांच्यात दाढदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठ, जंत, मुलींच्या पाळीतलं पोटदुखणं ही कारणं कितीदा तरी निघतात. एकाएकी उद्रेक वाढले तर आधी अंगातलं दुखणं तपासून घ्या.

आणि आपल्या गावाचे आवाज ऐकायला शिका. शेवगावात राहणाऱ्याला सवयीनं जे ऐकू येत नाही ते अशा मुलाला सगळं एकदम ऐकू येतं. पिठाची गिरणी, कुकरची शिट्टी, शाळेची घंटा, मोटरसायकलचा फटाके फोडणारा सायलेन्सर. गळीत हंगामात गंगामाईकडे, भेंड्याच्या ज्ञानेश्वर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी. लग्नसराईतला डीजे तर छातीत घुमतो. बांधकामावर, कारखान्यात कामगार कानाला लावतात ती झाकणं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ती घेऊन ठेवा. लग्नाला जायचं तर वरात संपल्यावर, अक्षता पडायच्या आधी पोचा आणि दाराजवळ बसा. आदल्या दिवशी मुलाला सांगा: उद्या कुठं जायचं, किती वेळ, आवाज कसा असेल, नको वाटलं तर काय खूण करायची. सांगून कळत नसेल तर वहीत चित्रं काढून दाखवा. बाजारात न्यायचं तर गर्दी व्हायच्या आधी सकाळी न्या. घरात एक कोपरा, माजघरातला असेल किंवा कोठीच्या खोलीतला, त्याचा म्हणून ठेवा. तिथं गेल्यावर त्याला कुणी हाक मारायची नाही, आणि शिक्षा म्हणून तिथं कधी पाठवायचं नाही.

डीजेबद्दल आणखी थोडं, कारण हा एकट्या घराचा प्रश्न नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो. मिरवणूक काढणाऱ्या मंडळांनी कायद्याच्या भीतीनं नव्हे, तर गल्लीतल्या अशा एका घरासाठी तेवढ्या टप्प्यात आवाज खाली आणला तर त्यांचा उत्सव कमी होत नाही. मंडळाच्या पोरांना नीट जाऊन सांगितलं तर ती ऐकतात. सांगायला कुणी जात नाही, एवढंच.

उद्रेक येण्याआधी खुणा दिसतात. येरझाऱ्या, कानांवर हात, एकच प्रश्न परत परत, गुणगुणणं, कपडे ओढणं, चेहरा लाल होणं किंवा एकदम गप्प होणं. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या. त्या दिसताच हातातलं काम टाकून त्याला तिथून बाजूला न्या. बसमध्ये असाल तर पुढच्या थांब्यावर उतरा. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

शेवगाव-पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबांना यातलं बरंच लागू करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालं की पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं. आजारी पोर सांभाळायला घरी थांबलं तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात. उचल आधीच घेतलेली असते. ज्या मुलाला ताटाची जागा बदललेली खपत नाही त्याचं गाव, घर, शाळा, आजी सगळं एका रात्रीत बदलतं. अशा आईबापांना एवढंच सांगता येईल: त्याचं ताट, त्याचा तांब्या, त्याची वाकळ सोबत न्या आणि कोपीतही तो घरी ज्या बाजूला झोपतो त्याच बाजूला झोपवा. निघायच्या आठ दिवस आधीपासून रोज सांगा की आपण कुठं जाणार आहोत आणि कधी परत येणार. आजीआजोबा सांभाळू शकत असतील तर गावातच ठेवणं बहुतेक मुलांना मानवतं. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची शासनाची योजना आहे, पण अशा मुलाला एकटं ठेवण्याआधी तिथल्या माणसांशी स्वतः बोला. आणि मुकादमांनी, टोळीतल्या बाकीच्यांनी अशा आईचा एखादा खाडा वाटून घेतला तर त्यापेक्षा मोठी मदत दुसरी नाही.

शाळेत वर्गशिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सगळं लिहून द्या: काय झालं की त्रास होतो, खुणा कोणत्या, काय केलं की निवळतो. वर्गाबाहेर पाच मिनिटं जाऊन यायची परवानगी, घंटेपासून लांबची जागा, गॅदरिंगला मागच्या रांगेत बसणं, याला पैसे लागत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यानं अशा सोयी देणं शाळेचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ यानं मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्राकडे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत याची चौकशी करा.

देवऋषी, डॉक्टर आणि कायदा

मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला जावं, मोहटादेवीला जावं, बोधेगावच्या बन्नोमाँच्या दर्ग्यावर डोकं टेकावं. आईबापाच्या मनाला त्यानं आधार मिळतो आणि तो आधार काढून घ्यायचा अधिकार कुणाला नाही. पण होळी ते पाडवा या काळात मढीला जी गर्दी लोटते त्या गर्दीत अशा मुलाला नेणं म्हणजे त्याचा त्रास वाढवणं आहे. गर्दी नसेल त्या दिवशी, पहाटे न्या. आणि भूत काढतो म्हणून कुणी साखळीनं बांधत असेल, छडीनं मारत असेल, मिरचीची धुरी देत असेल, चटके देत असेल, तर तिथून मुलाला उचलून घरी आणा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रानं केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे सगळे प्रकार गुन्हा म्हणून नावानिशी नोंदलेले आहेत. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्याला शिक्षा आहे. घरी साखळीनं बांधून ठेवणंही आता सुटत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानं मनोरुग्णाला कोणत्याही रीतीनं साखळदंडात ठेवण्यावर बंदी घातली आहे. बांधून ठेवणारे बहुतेक आईबाप दुष्ट नसतात, हतबल असतात. त्यांना पोलिसांआधी डॉक्टरची गरज असते.

डॉक्टरकडे जाण्याचा रस्ता असा आहे. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. उलट मुद्दाम न्या आणि तुमची वही दाखवा. ते पथक पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देऊ शकतं. मोठ्या माणसासाठी शेवगावच्या ग्रामीण रुग्णालयातून नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे जाता येतं. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे, दिवस मोडतो, पण निदान झालं की पुढचे दरवाजे उघडतात: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार योजना, आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असणाऱ्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना, जिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा खर्च मिळतो. शांत राहावा म्हणून मेडिकलवरून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. औषध लागतं की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञानंच ठरवायचं असतं. बऱ्याच जणांना ते लागतही नाही.

उपचाराविना, समजुतीविना हे प्रकरण किती लांब जाऊ शकतं हे बघायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. नगरजवळ शिंगवे नाईक इथं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याची माऊली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या बेघर मनोरुग्ण महिलांना घर देते. त्यांतली प्रत्येक बाई कधीतरी कुणाच्या तरी घरात राहत होती. कुणाची सून, कुणाची बहीण होती. घराला ती पेलवेना तेव्हा त्या घराच्या मदतीला कोण गेलं होतं, हा प्रश्न मला तिथल्या कामाबद्दल ऐकताना दरवेळी पडतो.

म्हणून सांभाळणाऱ्या माणसाबद्दल थोडं. बहुतेक घरांत ते आईच्या एकटीच्या वाट्याला येतं, आणि दोषही तिच्याच. ‘हिच्या माहेरीच काहीतरी असंल.’ हे बोलणं बंद झालं पाहिजे. ऑटिझम आईच्या वागण्यानं होत नाही. वडिलांनी फी भरली आणि गाडी काढली म्हणजे झालं असं होत नाही. आठवड्यातून काही तास मुलाची पूर्ण जबाबदारी त्यांनी एकट्यानं घेतली पाहिजे, म्हणजे आईला झोपता येईल, देवळात जाता येईल, माहेरी बोलता येईल. आत्यानं, काकूनं, शेजारणीनं मुलाला सांभाळायचं तंत्र शिकून घ्यावं. आणि आईनंही कधी तिचा हात उठला, आवाज चढला तर स्वतःला कायमचं अपराधी ठरवू नये. जवळ जाऊन ‘माझं चुकलं, मी दमले होते’ एवढं मुलाला सांगावं.

तुम्ही कड्यातले असाल, म्हणजे बसमधले, बाजारातले, लग्नातले, तर तुमचं काम सर्वांत सोपं आहे. बघू नका. व्हिडिओ काढू नका. सल्ला देऊ नका. बाकीच्यांना हातानं मागं सारा, पंखा किंवा सावलीची जागा मोकळी करून द्या, आणि आईला हळू एकदाच विचारा, ‘ताई, काही लागतंय का?’ ती नाही म्हणाली तर तिच्या पिशव्यांकडे लक्ष ठेवून गप्प उभे राहा.

केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि फोन रुग्णानंच करावा असं नाही. आई, बाप, शिक्षक, शेजारी कुणीही करू शकतो. लहान मुलाला कुणी मारत किंवा डांबून ठेवत असेल तर १०९८. हे दोन्ही आकडे आज मोबाईलमध्ये साठवून ठेवा, आणि तुमच्या आळीत असं एखादं घर असेल तर त्यांनाही द्या.